कड मोडणारे कासम मिस्त्री

कासम मिस्त्री बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे बघत नसत, नाकाकडे बघत. पहिल्या भेटीत मला वाटलं, माझ्या नाकाला काजळी लागली असेल, म्हणून मी दोनदा रुमाल काढला. तिसऱ्यांदा खिशात हात घातला तेव्हा ते म्हणाले, "पुसून काय हुनार? तुझी डावी नाकपुडी बंद हाय. उजवीनंच चाललंय सगळं." मी बोट लावून पाहिलं. खरंच होतं ते.

माणूस असो, बैल असो की इंजिन, हवा आत कुठून जाते आणि बाहेर कशी पडते, एवढंच त्यांना पाहायचं असे. एखादा पाहुणा घरी आला तर त्याची विचारपूस मागाहून. आधी तो घोरत असणार की नाही, याचा अंदाज. आणि तो अंदाज ते पाहुण्याला तोंडावर सांगतही. त्यामुळे त्यांच्याकडे पाहुणे बेताचेच येत.

लोणावळ्याच्या बाजारामागे पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं वर्कशॉप होतं. आडनाव मुलाणी, मूळ गाव तिकोणा पेठ. उंचीने कमी, दाढी अर्धी पांढरी, अर्धी ग्रीसची. मी तेव्हा नानाशेटच्या मोटारीवर कंडक्टर होतो. मॅट्रिकला दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा तसाच परत आलो होतो. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण लोणावळ्यात न सांगितलेलं आधी कळतं. मिस्त्रींनी पहिल्याच आठवड्यात माझं नाव मॅट्रिक ठेवलं आणि मग विठोबा ड्रायव्हरपासून भाजीवालीपर्यंत सगळे मला त्याच नावाने हाक मारू लागले. मला राग यायचा. पुढे सवय झाली आणि आता ती हाक मारणारं कोणी उरलं नाही, तर चुकल्यासारखं होतं.

आमची मोटार लोणावळ्याहून निघे, कामशेतला प्रवासी घेई आणि बेडशाजवळची खिंड ओलांडून पवन मावळात उतरे. पूर्वी ती अलीकडेच थांबायची. ती पार तिकोणा पेठेपर्यंत नेली ती मिस्त्रींनी. वर्षभर ते नानाशेटच्या मागे लागले होते. शेवटी नानाशेटने विचारलं, की एवढ्या लांब खाचखळग्यांत इंजिनाचं काही झालं तर जबाबदार कोण? मिस्त्री म्हणाले, मी. त्या एका शब्दावर पेठेला मोटार आली. पेठेच्या लोकांनी तिला हार घातला आणि मिस्त्रींनाही घालायला गेले, तर हे इंजिनाखाली जाऊन पडले आणि हार परत नेईपर्यंत बाहेर आले नाहीत.

मग युद्ध सुरू झालं आणि पेट्रोलला कुपनं आली. मिळायचं ते पेट्रोल कामशेतपर्यंतसुद्धा पुरायचं नाही. तेव्हा इतर मोटारींसारखी आमच्याही मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी बसवली. आंदर मावळातून लाकडी कोळसा यायचा, तो त्या भट्टीत पेटवायचा, हाताने पंखा फिरवून फिरवून गॅस तयार करायचा आणि त्या गॅसवर इंजिन चालवायचं. सकाळी अर्धा तास पंखा फिरवल्यावर माझा अवतार असा व्हायचा, की घरमालकीणबाईंनी मला एकदा दारातूनच भिक्षा वाढली होती.

पण खरी पंचाईत ताकदीची. कोळशाच्या गॅसवर इंजिनाचा जोर निम्म्यावर आला. सपाटीला चालून जाई, खिंडीत मात्र ती रडकुंडीला येई. म्हणून खिंडीच्या पायथ्याला गाडी थांबवायची आणि माणसांनी उतरून चढ पायी चढायचा, असा रिवाज पडला. दिवस गेलेली बाई, ओली बाळंतीण, आजारी माणूस, फार म्हातारं आणि कोंबड्यांची खुराडी, एवढ्यांनीच आत बसायचं. हे नियम कोणी लिहिले नव्हते, पण ते मोडणाऱ्याकडे सगळी गाडी अशी बघायची, की तो आपोआप खाली उतरायचा. पुढे पुढे लोक पायथा येण्याआधीच धोतर खोचून तयार असत. बायका टोपल्या मांडीवर घेऊन बसत.

लंगड्या माणसाने आत बसायला कोणाची हरकत नव्हती, आणि मिस्त्री लंगडत. काही वर्षांपूर्वी जॅक निसटून त्यांच्या उजव्या पावलावर गाडी बसली होती. पण पेठेला जाताना ते इतरांबरोबर उतरत आणि सगळ्यांत शेवटी वर पोचत. तोवर माथ्यावर आम्ही सगळे डोंगर बघत असल्याचं नाटक करत थांबायचो. एकदा मी त्यांना म्हटलं, तुम्ही बसलात तर कोण काय म्हणणार आहे? तर म्हणाले, "कुनी न्हाई म्हननार. पर माझ्या इंजिनाला वर चढवत न्हाई आन मी आत बसू व्हय?"

लोकांनी उतरूनही मोटार कधीकधी मधल्या वळणावर अडायची. मग ढकला. दोनदा क्लच जळला. दसऱ्याच्या आधी नानाशेट वर्कशॉपमध्ये आले, स्टुलावर रुमाल पसरून बसले आणि त्यांनी सरळ सांगितलं, की तळेगावचा एक भातगिरणीवाला इंजिन मागतोय. दिवाळीपर्यंत वाट बघतो. भरलेली गाडी एकही माणूस न उतरवता खिंड चढली तर पेठेची फेरी राहील, नाहीतर इंजिन गिरणीला जाईल. नानाशेट वाईट मनुष्य नव्हते. बोलून झाल्यावर रुमाल घडी करताना ते मिस्त्रींकडे न बघता म्हणाले, "मलाही बरं वाटत नाही."

पेठेहून आजारी माणूस झोळीत घालून कामशेतला आणायचे दिवस मिस्त्रींनी पाहिलेले होते. आणि शब्द त्यांनी दिलेला होता, तोही आपल्याच गावाला. माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी त्या दिवशी चहाचा कप भरून ठेवला आणि तो तसाच विसरले.

खरं तर ते इंजिनाचा जोर वाढवायच्या कामाला श्रावणातच लागले होते. इंजिनाच्या डोक्यात, मिस्त्रींच्या भाषेत 'हेड'मध्ये, गॅस आत जायची आणि धूर बाहेर पडायची वेगवेगळी तोंडं असतात. त्या प्रत्येक तोंडावर एक झाकण उघडमीट करतं, तो व्हॉल्व्ह. दिसायला लांब देठाच्या अळंबीसारखा. तो वर उचलला की त्याच्या कडेच्या फटीतून गॅस आत घुसतो. मिस्त्रींनी मला हे समजावलं ते असं: "पेट्रोल म्हंजे तूप. ह्यो ग्यास म्हंजे पातळ पेज. पेजेवर नांगर हाकायचा तर वाटीनं भागंल का? तांब्या लावाया पायजे तोंडाला."

म्हणून त्यांनी आधी तोंड मोठं करायला घेतलं. एक भंगारातलं हेड आणून त्याची भोकं कानशीने रुंद केली. दोन आठवडे कानस चालली होती. शेवटी भोक इतकं मोठं झालं, की व्हॉल्व्हला टेकायला जागाच उरली नाही आणि तो आत पडला. मिस्त्रींनी तो बोटाने उचलला, पुन्हा टाकला, पुन्हा आत पडला. असं पाच-सहा वेळा केलं. चूक झाल्यावर बाकीची माणसं ती झाकतात. मिस्त्री ती परत परत करून बघत, की नेमकी कुठे झाली.

त्याच सुमाराला एकदा कोळसा ओला निघाला आणि परतताना गाडी पवन मावळाच्या अंगाला खिंडीखाली दीड तास बसून राहिली. रस्त्याच्या कडेच्या खाचरात पार्वतीमावशी काम करत होत्या. त्यांचं भाताचं शेत तिथेच होतं आणि बाजारच्या दिवशी त्या आमच्याच गाडीला असत. वरच्या खाचरातलं पाणी खालच्या खाचरात सोडण्यासाठी बांधाला एक तोंड ठेवलेलं असतं. तिथे पाणी अडून गोल गोल फिरत होतं. मिस्त्री लंगडत तिथे गेले आणि म्हणाले, मावशी, तोंड मोठं करा, म्हणजे पाणी भरभर जाईल.

मावशींनी कंबर सरळ केली. "तोंड मोटं केलं तर बांध जाईल की. तोंड हाये तेवडंच पुरतं. कड मोडायची त्याची." असं म्हणून त्यांनी टाच चिखलात दाबली आणि त्या तोंडाची उभी कड गोलसर केली, आधी वरच्या बाजूने, मग खालच्या. बस. भोवरा नाहीसा झाला आणि पाणी गुळगुळीत होऊन सरळ खाली गेलं.

मिस्त्रींनी चप्पल काढली आणि पाय चिखलात घातला. त्यांनी टाचेने कड पुन्हा उभी केली, भोवरा आला. कड मोडली, भोवरा गेला. तिकडे विठोबा भोंगा वाजवून थकला. पार्वतीमावशींना आधी हसू आलं, मग शंका आली. त्यांनी मला हळूच विचारलं, की ह्यांच्या डोस्क्याला काही लागलंय का. मी म्हटलं, इंजिन दुरुस्त करतायत.

दुसऱ्या दिवसापासून वर्कशॉपमध्ये कानशीची जागा पाण्याने घेतली. दुसरं एक भंगारातलं हेड दोन खोक्यांवर उलटं ठेवलं, त्याच्या तोंडाला रबरी नळी जोडली, नळीचं दुसरं टोक रॉकेलच्या डब्याला. व्हॉल्व्ह चालत्या इंजिनात उचलला जातो तेवढाच उचलून खाली पाचर मारायची, डबा पाण्याने भरायचा आणि सोडायचं. डबा जितक्या लवकर रिकामा होईल तितका व्हॉल्व्हचा आकार चांगला. पाण्यात ते कपड्यांची नीळ टाकत, म्हणजे पाणी कुठे अडतं, कुठे फिरतं ते दिसे. महिनाभर त्यांचे आणि माझे हात कोपरापर्यंत निळे होते. पवन मावळात मी ज्यांना हात देऊन गाडीत घेत असे, ते उतरल्यावर आपापला हात धोतराला पुसून बघत.

पायाने फिरवायच्या लेथवर ते व्हॉल्व्हला आकार देत. देठ जिथे डोक्याला मिळतो तिथली जाड मान बारीक करायची. डोक्याची मागची बाजू, जिथे निळं पाणी धडकून मागे फिरायचं, तिथला चौकोनी खांदा उतरता करायचा. भोकाच्या आतली उभी कड कापडी पॉलिशपेपरने मोडायची. भोक मात्र तेवढंच ठेवायचं. धुराच्या व्हॉल्व्हला त्यांनी फारसा हात लावला नाही. "त्यो इस्तवात उभा असतो. त्याला अंग पायजे," म्हणाले.

आणि इथे एक मोठीच गंमत झाली. डबा रिकामा व्हायला किती वेळ लागतो हे मोजायचं कशाने? नानाशेटच्या घड्याळाला सेकंदाचा काटा नव्हता. मिस्त्रींनी तोडगा काढला, की डाव्या हाताने उजव्या मनगटाची नाडी धरायची आणि ठोके मोजायचे. आठ दिवस ते असे मोजत होते आणि दर वेळी उत्तर उलटं येत होतं. निळं पाणी डोळ्यांना दिसे सरळ चाललेलं, आणि ठोके भरत जास्त. जुना, ठोकळा व्हॉल्व्ह लावला की ठोके कमी. मिस्त्री हवालदिल झाले. पार्वतीमावशींचं पाणी एका तऱ्हेचं आणि लोणावळ्याचं पाणी दुसऱ्या तऱ्हेचं असेल, इथपर्यंत त्यांची मजल गेली. एके दिवशी तर खाचरातलं पाणी आणायला त्यांनी मला घागर घेऊन पाठवलं, आणि मी नानाशेटच्या मोटारीतून चिखलाच्या पाण्याची घागर मांडीवर घेऊन आलो.

त्या दिवशी चाचणी चालू असताना मी सहज त्यांच्याकडे पाहिलं. पाणी सरळ जायला लागल्याबरोबर त्यांच्या गळ्याची शीर टणाटण उडत होती. मी म्हटलं, "मिस्त्री, पाणी हळू जात नाही. तुमचं काळीज पळतंय."

ते बराच वेळ माझ्या नाकाकडे बघत राहिले. मग त्यांनी माझं मनगट ओढून घेतलं आणि डबा पुन्हा भरायला लावला. मला व्हॉल्व्हचं ना सुख ना दुःख. माझी नाडी आपली संथ चालली होती. या खेपेला नव्या व्हॉल्व्हचे ठोके कमी भरले. जुना लावला, जास्त. पुन्हा नवा, पुन्हा कमी. मिस्त्री जमिनीवर बसून एकटेच हसत सुटले. "मॅट्रिक, तुला काईच वाटत न्हाई, त्ये किती कामाचं हाय!" ही माझ्या आयुष्यातली पहिली शाबासकी. त्यानंतर महिनाभर माझं मनगट वर्कशॉपच्या हत्यारांत जमा होतं.

दिवाळीला चार दिवस असताना नवे व्हॉल्व्ह घातलेली मोटार बाहेर काढली. बाजारचा दिवस मुद्दाम निवडला होता. कामशेतला गाडी खच्चून भरली. नानाशेट कोट घालून ड्रायव्हरशेजारी बसले, मिस्त्री त्यांच्या मागे. मी दर गावाला ओरडून सांगत होतो, की आज खिंडीत कोणी उतरायचं नाही. लोक माना डोलवत होते.

खिंडीचा पायथा आला. विठोबाने गियर बदलला आणि दोन वर्षांच्या सवयीने ब्रेक लावला. गाडी थांबली. मी दोन वर्षांच्या सवयीने मागचं दार उघडलं आणि ओरडलो, "चला, उतरा!" माझं वाक्य पुरं व्हायच्या आत गाडी रिकामी झाली होती. धोतरं खोचलेली, टोपल्या डोक्यावर, लोक चढाला लागलेसुद्धा. गाडी झोकात वर निघून गेली. आत उरले एक म्हातारा, एक बाळंतीण, कोंबड्या आणि नानाशेट.

मी रस्त्यात उभा राहिलो. जमीन फाटून आत घेईल तर बरं, असं मला मनापासून वाटलं. बाजूला बघतो तर मिस्त्री. धूळ झटकत उभे. त्यांच्या लक्षात यायला क्षणभर लागला. मग ते म्हणाले, "मी बी उतरलो की रं." मला त्यांनी एका शब्दानेही बोल लावला नाही.

मी धावत माथ्यावर गेलो आणि नानाशेटना सगळं सांगितलं. ते म्हणाले, रिकामी गाडी पूर्वीही चढायची, मॅट्रिक. त्यांचंही खोटं नव्हतं. पुन्हा खाली जायचं तर कोळसा पुरेल का, आणि चढून आलेली माणसं परत कशाला उतरतील? विठोबा खाली मान घालून स्टिअरिंग पुसत बसला. तोवर डोक्यावर टोपली घेतलेल्या पार्वतीमावशी वर पोचल्या होत्या. त्यांनी मला विचारलं, काय झालं? मी सांगितलं, की गाडीला भार पाहिजे होता, आणि तो पायी चढून आला.

मावशी मागे वळल्या आणि वळणावरून येणाऱ्यांना म्हणाल्या, "फिरा मागं. मिस्त्रीला वझं पायजे. आपुनच त्ये वझं हाये."

कोणी कुरकुर केली, कोणी हसलं, पण सगळे वळले. अर्धा चढ चढलेली माणसं, टोपल्यांसकट, बोचक्यांसकट, एकेक करून खाली निघाली. आत बसलेला तो म्हातारासुद्धा उतरून त्यांच्याबरोबर चालायला लागला. मी त्याला परत बसवलं. नानाशेट बघत राहिले आणि मग विठोबाला म्हणाले, गाडी खाली घे.

पायथ्याशी सगळे पुन्हा चढून बसले. मी भट्टीचा पंखा फिरवत होतो तेवढ्यात मिस्त्री माझ्याजवळ आले आणि मी आत बसत नाही म्हणाले. आत बसलं की नुसता खडखडाट ऐकू येतो, बाहेरून नीट ऐकू येतं. आणि ते लंगडत दुसऱ्या वळणाकडे निघून गेले.

गाडी सुटली. मी दार दोन्ही हातांनी ओढून धरलं होतं, कारण माझा माझ्यावर भरवसा उरला नव्हता. पहिलं वळण गेलं. दुसऱ्या वळणावर मिस्त्री कपारीला पाठ लावून उभे होते. आम्ही त्यांच्याशी आलो आणि नेमका तिथे इंजिनाचा आवाज खाली बसला. गाडी रेंगाळली. मला वाटलं, संपलं. मग कुठून काय जोर आला कोण जाणे, आवाज पुन्हा भरला आणि आम्ही त्यांना मागे टाकून वर निघालो. थांबता येत नव्हतं. चढावर थांबलेली गाडी पुन्हा सुटली नसती.

माथ्यावर गाडी उभी राहिली तरी कोणी जागचं हललं नाही. मग एकदम सगळे खाली उतरले आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. या खेपेला डोंगराकडे कोणी बघत नव्हतं. मिस्त्री सावकाश, पाय ओढत वर आले. नानाशेट पुढे होऊन म्हणाले, "मिस्त्री, पेठेची फेरी राहिली."

मिस्त्रींनी मान हलवली आणि विठोबाकडे वळले. "दुसऱ्या वळनाला तिनं दम घेतला, तवा तुझा पाय कुटं व्हता? दाबलास का अजून?"

"न्हाई. पाय हाये तितंच व्हता," विठोबा म्हणाला.

"मंग आपली आपुन सावरली म्हन की." एवढं बोलून ते इतके खूश झाले, की मला त्यांचा हेवा वाटला. फेरी राहिल्याचा आनंद त्यांना झाला नसेल असं नाही. पण चेहरा उजळला तो या गोष्टीने.

लोक गाडीत चढू लागले. मावशी म्हणाल्या, बसा की भाऊ, आता तर गाडी तुमच्याच गावाला निघाली. मिस्त्रींनी हाताने नको म्हटलं. "तुमी व्हा फुडं. सांच्याला पेठेकडनं ती परत चढंल, त्ये बी ऐकायचंय. त्या अंगाचा चढ निराळा हाय. आन आता उतरताना काय बोलती, त्ये बी ऐकतो."

पुढे काही दिवसांतच मला रेल्वेत नोकरी लागली आणि मी लोणावळा सोडलं. मिस्त्रींना मी त्यानंतर दोन-चारदा भेटलो असेन, पण ते आठवतात ते त्या माथ्यावर, एका दगडावर बसलेले, दुखरा पाय लांब सोडून, मान थोडी कलती करून. त्या दिवशी गाडी सुटताना मी मागच्या खिडकीतून त्यांना हात केला. त्यांनी पाहिलं नाही. उतार लागला तसं कोणी तरी बाजारातल्या भावाविषयी बोलायला लागलं. पार्वतीमावशींनी त्याला हातानेच गप्प केलं आणि रडणारं एक मूल पदराखाली घेतलं. खिंड उतरून खालच्या शेतांशी पोचेपर्यंत त्या भरलेल्या गाडीत एक माणूस बोललं नाही, वर बसलेल्या मिस्त्रींना इंजिन नीट ऐकू यावं म्हणून.